कललेले देऊळ आणि अबोल यंत्र

काशीच्या मणिकर्णिका घाटास लागून, गंगेच्या अगदी काठाशी, रत्नेश्वर महादेवाचे देऊळ उभे आहे. उभे म्हणण्यापेक्षा कललेले म्हणणेच यथार्थ. लंबरेषेपासून त्याचा कल सुमारे ९ अंश असून तो मागील बाजूस, वायव्येकडे, आहे. त्याचा गाभारा वर्षाचा बराच काळ पाण्याखाली असतो. अहिल्याबाई होळकरांनी या घाटाचा जीर्णोद्धार केला, त्यामुळे मराठी यात्रेकरूस हे स्थान परके नाही. परंतु हे देऊळ नेमके केव्हा कलले? १८६० च्या सुमाराच्या छायाचित्रांत ते सरळ दिसते, असे सांगतात. तसे असेल तर जुने छायाचित्र हा केवळ आठवणीचा नव्हे, तर मोजमापाचा पुरावा ठरतो.

त्या काळचे ठसे बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर काढीत. असा कागद काळाबरोबर पिवळा पडतो व गुंडाळू लागतो. नदीकाठच्या दमट घरात तो फार दिवस टिकेल अशी आशा बाळगू नये. त्याची प्रत वेळीच घ्यावी. आणि त्यासाठी सपाट काचेचा साधा स्कॅनर पुरेसा असतो. जुन्या स्कॅनरांना नव्या संगणकप्रणालींत पुष्कळदा कोणी विचारीत नाही. लिनक्सवर मात्र ‘सेन’ नावाची मुक्त योजना आहे. तिच्या आश्रयाने निर्मात्याने टाकून दिलेली कित्येक यंत्रे अजून चालतात.

अडचण येते ती अशी की, यंत्र जोडूनही संगणक ‘स्कॅनर नाही’ एवढेच सांगतो. अशा वेळी गोंधळून प्रणाली पुन्हा बसविणे हा उपाय नव्हे. दोष एका साखळीत कोठेतरी असतो, आणि ती साखळी तारेपासून तपासावी. प्रथम ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. यादीत यंत्राचे निर्मातृ-क्रमांक व वस्तु-क्रमांक दिसले नाहीत, तर प्रणालीस दोष देण्याचे कारण नाही. केबल, खोबण किंवा वीज यांत खोट आहे. पातळ स्कॅनर आपली वीज यूएसबी तारेतूनच घेतात. दुसऱ्या आवृत्तीच्या यूएसबी खोबणीने द्यावयाची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे. एकाच हबावर चार उपकरणे लटकविली की दिवा लुकलुकतो आणि गाडा अर्ध्यात थांबतो. यंत्र थेट संगणकाच्या मागील खोबणीत लावताच कितीदा तरी रोग बरा होतो.

क्रमांक दिसतात, पण ‘स्कॅनइमेज’ ही आज्ञा यंत्र ओळखीत नाही, असे झाल्यास दोन शक्यता उरतात. तीच आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने देऊन पाहावी. तेव्हा यंत्र सापडले तर प्रश्न परवानगीचा आहे, आणि तो ‘यूडेव्ह’च्या नियमात त्या दोन क्रमांकांची नोंद करून सुटतो. कायम प्रशासक म्हणून काम करणे ही मात्र वाईट खोड होय. प्रशासकासही यंत्र सापडले नाही, तर त्या जातीचा चालक नाही, अथवा तो यादीत बंद आहे. काही यंत्रांना प्रत्येक वेळी सुरुवातीस निर्मात्याची एक लहान संहिता भरवावी लागते. ती मूळ तबकडीवरून काढून योग्य जागी ठेवावी लागते. गाडा करकरत असेल, तर वाहतुकीसाठी लावलेली खिट्टी उघडली आहे ना, हे सर्वांआधी पाहावे. लाज वाटण्याजोगी ही चूक अगदी जाणत्यांकडूनही होते!

यंत्र चालू झाल्यावर खरा प्रश्न सूक्ष्मतेचा. ठशावर देवळाची उंची १० मिलिमीटर आहे असे धरू. इंचास ३०० बिंदू घेतल्यास ती ११८ बिंदू भरते, आणि १ अंशाच्या कलाने शिखर जेमतेम २ बिंदू सरकते. इतका फरक कागदाच्या खरखरीतपणात हरवून जातो. १,२०० बिंदू घेतल्यास तोच फरक ८ बिंदूंचा होतो. शिवाय ठसा काचेवर १ अंश तिरका पडला तर सारा घाटच तितका कलतो; म्हणून कागदाच्या कडेशी नव्हे, तर त्याच चित्रातील शेजारच्या सरळ भिंतींशी तुलना करावी. गुंडाळलेल्या ठशासाठी भिंगाचा जाड स्कॅनर बरा. पातळ यंत्रास काचेपासून थोडा वर उठलेला भागही धूसर दिसतो.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. कॅमेरा आग्नेयेस, नौकेत असेल, तर वायव्येकडील कल त्याच्या दृष्टिरेषेतच लपतो, आणि ९ अंश कललेले देऊळही सरळ दिसू शकते. म्हणून निर्णयासाठी नदीतून नव्हे, घाटाच्या बाजूच्या पायऱ्यांवरून घेतलेले चित्र शोधावे लागते.