गोटा न लागता मोडणारी हाडे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, आणि त्यावरील झेंडा काबीज करण्यासाठी दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. त्या दिवशी कोणाचे डोके फुटते, कोणाचा हात मोडतो. डॉक्टर सज्ज असतात, पोलीस सज्ज असतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जखमींचे आकडे येतात. गोटा लागल्यावर हाड मोडले, तर त्यात नवल ते काय? परंतु याच दोन्ही काठांवरील घरांत वर्षाच्या उरलेल्या दिवसांत काही हाडे गोटा न लागताच मोडत असतात, आणि त्यांची बातमी कोठेही येत नाही. आजीचा पाय न्हाणीत घसरतो, मावशी उंबरठ्याला अडखळून हातावर पडते, एखादी वृद्ध माता पाण्याची बादली उचलते आणि पाठीत कळ येऊन खालीच बसते. घरचे म्हणतात, "वय झाले, चालायचेच." वाचक बंधुभगिनींनो, आजचा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे.

उभ्या उंचीवरून पडून धडधाकट हाड मोडत नसते. ते मोडले, तर ते आतून पोखरले गेले होते असे समजावे. वाळवी लागलेला वासा बाहेरून जसाच्या तसा दिसतो, आणि एके दिवशी कौलांच्या नुसत्या भाराने कडकन मोडतो. तशीच ही गत आहे. डॉक्टर या विकाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपले हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. शरीर जुने हाड रोज थोडे थोडे काढून टाकते आणि त्या जागी नवे भरते. सुमारे तिशीपर्यंत भरणे अधिक असते, पुढे काढणे वरचढ होते. स्त्रियांची पाळी थांबली की हाडांचे रक्षण करणारा अंतःस्राव आटतो, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची झीज फार वेगाने होते. पुरुषही यातून सुटत नाहीत. त्यांची पाळी थोडी उशिरा येते इतकेच.

या रोगात दुखत काहीच नाही, हीच त्याची खरी लबाडी. पहिली सूचना बहुधा मनगट देते. पन्नाशी-पंचावन्नाची बाई हातावर पडते, प्लॅस्टर लागते, सहा आठवड्यांनी निघते, आणि सर्व जण ती गोष्ट विसरतात. वस्तुतः त्याच वेळी विचारायला हवे होते, की एवढ्याशा पडण्याने हाड मोडलेच कसे? दुसरी सूचना पाठ देते. आजी वाकली, उंचीने कमी झाली, लुगड्याच्या निऱ्या जमिनीवर लोळू लागल्या, म्हणजे पाठीचे मणके एकामागून एक दबले असण्याचा संभव असतो. तिसरी वेळ खुब्याची. ती सूचना नव्हे, संकटच होय. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी दर पाचांत सुमारे एक जण वर्षभरात दगावतो, आणि तो बहुधा हाडामुळे नव्हे, तर अंथरुणाला खिळल्याने छातीत भरणाऱ्या कफामुळे व पाठीला पडणाऱ्या जखमांमुळे.

म्हणून खुबा मोडलेल्या माणसाला बाजेवर टाकून हाडवैद्याची वाट पाहत बसू नये. शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी, म्हणजे रोग्याला लवकर उभे करता येते. "या वयात कशाला चिरफाड?" हा प्रश्न मायेपोटी विचारला जातो हे मी जाणतो, परंतु निजवून ठेवणे हीच येथे मोठी जोखीम असते. पैशाची चिंता खरी आहे. तथापि २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक नागरिकास, मग उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची सोय मिळाली आहे. ते कार्ड आज काढून ठेवावे. अपघाताच्या रात्री आधार क्रमांक शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

आता अन्नाकडे वळू. आपला हा मुलूख संत्र्यांचा, ज्वारीचा, तुरीचा. संत्रे गुणाचे फळ आहे खरे, पण हाडांना लागणारे कॅल्शियम त्यात फारसे नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम तीस मिलिग्रॅम मिळते. प्रौढ माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम हवे, आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १,२००. पेलाभर गाईचे दूध सुमारे अडीचशे देते. शंभर ग्रॅम तिळांत बाराशेहून अधिक असते, म्हणून तिळाची चटणी संक्रांतीपुरती न ठेवता रोजच्या ताटात यावी. शेवग्याचा पाला बहुतेक अंगणांत फुकट वाढतो. त्याची भाजी दुधाच्या तोडीची आहे. परंतु आपल्याकडे दूध डेअरीला जाते, उरलेले मुलाला मिळते, आणि मुलीच्या वाट्याला चहा येतो. याच मुलीच्या हाडांची साठवण त्या वयात व्हायची असते. चाळीस वर्षांनी न्हाणीत मोडणारा खुबा कधी कधी या चहाच्या कपातच सुरू झालेला असतो.

खर्ऱ्यात चुना असतो, चुन्यात कॅल्शियम असते, असा युक्तिवादही कानी येतो. त्या चुन्याबरोबर तंबाखू पोटात जाते आणि तोंडाचा कर्करोग दारात येतो, तेव्हा हा सौदा महाग आहे. बिडी आणि दारू तर हाडे उघडउघड झिजवतात.

कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे, आणि ते उन्हाने त्वचेत तयार होते. दुपारच्या आसपासचे थोडे ऊन उघड्या हातांवर घ्यावे. शेतावर जाणाऱ्या बायांना ते आपोआप मिळते, घरात बसलेल्या आजीला नाही. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी डॉक्टरांनी सांगितले तितकेच आठवडे घ्यावी. जास्त झाल्यास अपाय होतो. चालणे आणि स्वतःच्या अंगाचा भार पेलणारे काम हाडांना बळ देते.

एका गोष्टीविषयी मात्र कठोर शब्द वापरावे लागतात. बाजाराच्या दिवशी सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात, आणि दुसऱ्याच दिवशी गुडघा हलका वाटतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. महिनोन्‌महिने ते पोटात गेले तर हाड पोकळ होते. ज्यांनी ते दीर्घकाळ घेतले आहे त्यांनी एकदम बंद करू नये, कारण त्यातही धोका आहे. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

रोग ओळखण्यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी असते. ती नागपुरात होऊ शकते. औषधेही आहेत. एक गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. दुसरे औषध वर्षातून एकदा शिरेतून देतात. ही औषधे चालू असता दात काढायचा झाल्यास दंतवैद्यास आधी सांगावे.

आणि आज संध्याकाळी करण्याजोगे काम असे, की न्हाणीच्या दगडावरचे शेवाळ घासून काढावे, भिंतीला धरायला एक लोखंडी दांडा बसवावा, आजीच्या बाजेपासून अंगणापर्यंत रात्रभर एक लहान दिवा जळत ठेवावा, आणि तिच्या मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलली असेल तर ती पक्की करावी. घरात ज्या कोणाचे मनगट मागे मोडून जुळले असेल, त्यांना घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा एकदा जावे आणि विचारावे, "हात बरा झाला; हाडांचे काय?"