भात थोडा, भाजी जास्त



"सिस्टर, मी भाजी रोज खाते, तरी वजन काही उतरत नाही." ही तक्रार मी नोकरीत असताना ऐकत होते आणि निवृत्त झाल्यावरही ऐकते आहे. कधी सिनेगॉगच्या पायऱ्यांवर, कधी लग्नाच्या हॉलमध्ये, कधी बसमध्ये. तक्रार करणारी बाई खोटे बोलत नसते. भाजी ती खरोखरच खाते. पण तिच्या ताटात पाहिले तर तीन वाट्या भात पूर्वीसारखाच असतो, कालवण पूर्वीसारखेच असते, आणि कुपत खोलीममधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले म्हणून कडेला थोडे सलाद आलेले असते. म्हणजे जेवण वाढले, कमी झाले नाही. मग वजन कशाने उतरणार?

भाजी म्हणजे काही औषधाची गोळी नव्हे, की ती पोटात जाऊन चरबी विरघळवील. तिचा उपयोग होतो तो ती जागा अडवते म्हणून. भाजीत पाणी आणि चोथा भरपूर असतो, त्यामुळे पोट भरते पण उष्मांक थोडेच जातात. हिशेब सांगते. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी असतात. शंभर ग्रॅम काकडीत १५, टोमॅटोत १८, किशुईममध्ये १७, कोबी, फ्लॉवर आणि वांग्यात सुमारे २५. एक वाटी भात, म्हणजे दीडशे ग्रॅम धरला, तर २०० कॅलरी झाल्या. त्या एका वाटीच्या जागी दोन वाट्या कमी तेलातली फ्लॉवरची भाजी खाल्ली तर पोट जास्त भरते आणि कॅलरी निम्म्याच्या आसपास राहतात. इथे महत्त्वाचा शब्द 'जागी' हा आहे. भाजी वाढवली की त्याच जेवणात भात, चपाती किंवा पिता, यांपैकी काहीतरी कमी झाले पाहिजे. ताटाचा अर्धा भाग भाजीने भरा, पाव भागात मासळी, कोंबडी, अंडे किंवा डाळ, आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा चपाती. मात्र वाढताना भाजी आधी वाढायची. भात आधी वाढला तर भाजीला जागा उरत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

खातानाही हाच क्रम ठेवावा. आधी भाजी आणि मासळी, मग भात. असे खाल्ले तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते, असे तपासण्यांत दिसून आले आहे. आपल्या घरोघरी मधुमेह आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. भारतीय वंशाच्या माणसाला तो कमी वजनावरही गाठतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ बीएमआय ही वजनाची सावधगिरीची रेषा सुचवली. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी हे ५५ किलोच्या आसपास येते. काटा नसला तर टेप घ्या. पोटाचा घेर बायकांचा ८० आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत असावा. आकडे पाहून घाबरू नका. ८० किलोच्या माणसाने चार किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाब दोन्हींवर फरक दिसू लागतो. आठवड्याला अर्धा किलो उतरला तर पुष्कळ झाले.

आता आपल्या स्वयंपाकाकडे येऊ. आपल्याकडे भाजी ही मासळी-मटणाची धाकटी बहीण. पाहुणे आले की तिला कोणी विचारत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की भाजी वेगळी करण्याच्या फंदात न पडता ती आहे त्या पदार्थातच घालावी. मासळीच्या कालवणात वांगी, भेंडी, शेवग्याच्या शेंगा चांगल्या लागतात. शेंगा भारतीय दुकानात मिळतात आणि भेंडी इथे बाम्या या नावाने गोठवलेली मिळते. मटणात बटाट्याऐवजी लाल भोपळा, नवलकोल किंवा फरसबी घाला. खिमा अर्धा किलोऐवजी पाव किलो घ्या आणि त्यात बारीक चिरलेला कोबी, गाजर आणि गांबा तेवढ्याच प्रमाणात शिजवा. घरातल्या मुलांना कळतसुद्धा नाही. पोह्यांत कोबी, ऑम्लेटमध्ये पालक आणि टोमॅटो, डाळीत मूठभर दुधी किंवा किशुईम. वालाचे बिरडे फक्त बिरड्याच्या रोजापुरते ठेवू नये. मोड आलेल्या कडधान्यात चोथाही आहे आणि प्रथिनेही, फक्त त्याच्या जोडीला भाताचा डोंगर नको.

नारळाचे काय, हा प्रश्न येणारच. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून आपल्या आजी-पणजींनी सगळी भिस्त नारळावर ठेवली, आणि ती चव सोडा असे मी सांगणार नाही. पण शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३५० च्या वर कॅलरी असतात आणि १७-१८ टक्के चरबीच्या नारळदुधाच्या ४०० मिलिलिटरच्या डब्यात सातशेच्या आसपास. पूर्ण डबा ओतण्याऐवजी अर्धा वापरा. दाटपणा कमी पडेल तो भरून काढायला किशुईम किंवा लाल भोपळा किसून हिरव्या मसाल्यात शिजवा. तो विरघळून रसात मिसळतो आणि कालवण घट्ट होते. नारळदूध शेवटी घाला, म्हणजे थोडे असले तरी त्याची चव पुढे येते.

तेलाशी तर आपले नाते फारच जुने. कोकणात आपले पूर्वज घाणा चालवत आणि लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बहुधा त्यामुळेच आपल्या हाताला तेलाचा अंदाज कमी. जेवायच्या मोठ्या चमच्यात तेलाच्या १२० कॅलरी असतात, मग ते ऑलिव्हचे असो की सूर्यफुलाचे. ऑलिव्हचे तेल हृदयाला बरे, पण वजनाला ते तेलच. बाटली थेट कढईवर धरू नका, चमच्याने मोजून घाला. चार माणसांच्या भाजीला एक मोठा चमचा पुरतो. भाजी चिकटू लागली तर दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा. वांगे तर स्पंजासारखे तेल पिते. ते तळू नका, गॅसवर किंवा ओव्हनमध्ये भाजून कांदा, मिरची, कोथिंबीर घालून भरीत करा. भरतावर तहिना घालायची इथली पद्धत छान आहे, पण मोठ्या चमचाभर तहिन्यात ९० कॅलरी आहेत. एक चमचा घाला, पातळ करून.

काही गोष्टी भाजीच्या नावाखाली मोजल्या जातात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. बटाटा, रताळे आणि मका यांची जागा भाताच्या पाव भागात. दिवसाला फळे आणि भाज्या मिळून निदान ४०० ग्रॅम खाव्यात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात बटाटा-रताळे धरत नाहीत. ॲव्होकॅडो चांगला, पण त्यात चरबी बरीच, अर्धा पुरे. खारवलेल्या काकड्या आणि ऑलिव्ह यांत मीठ फार, रक्तदाबवाल्यांनी जपून. आणि दुकानातल्या डब्यांतली मेयोनीज घातलेली वांगी किंवा कोबी, ती नावालाच सलाद. २०२० पासून इथे साखर, मीठ आणि घातक चरबी जास्त असलेल्या डब्यांवर लाल गोल चिन्ह असते. चष्मा लावून ते पाहा.

या देशात भाजी खाणे आपल्याला तसे सोपे आहे. शुकमध्ये शुक्रवारी दुपारी बाजार उठायच्या वेळी भाव उतरतात. छोटी काकडी, टोमॅटो, गांबा बारीक चिरून लिंबू पिळले की सलाद तयार. आपल्या कोशिंबिरीची ही सख्खी बहीणच. गोठवलेल्या भाजीला पुष्कळजणी कमी लेखतात, ते बरोबर नाही. ती तोडल्यावर लवकर गोठवतात, त्यामुळे तिचे गुण बहुतेक टिकून राहतात, आणि फ्लॉवर-पालेभाजीतले किडे शोधत बसायचा त्रासही वाचतो. हात दुखणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या माणसांनी फरसबी, फ्लॉवर आणि पालक यांची एकेक पिशवी फ्रीजरमध्ये कायम ठेवावी.

शब्बाथचे जेवण हे खरे परीक्षेचे. भाजी रात्रभर प्लाटावर ठेवली की तिचा लगदा होतो आणि मग कोणी खात नाही. त्यापेक्षा शुक्रवारी बीट उकडून ठेवा, गाजर-कोबी चिरून झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि लिंबू-मीठ जेवायच्या वेळी घाला. आधी मीठ घातले तर पाणी सुटते. ही कोशिंबीर भात यायच्या आधी टेबलावर ठेवायची. भुकेली माणसे समोर असेल ते खातात.

ज्यांचे दात गेले आहेत किंवा कवळी आहे त्यांनी कच्च्या सलादाचा हट्ट धरू नये. शिजवलेली, मऊ भाजी तेवढीच उपयोगी. जाड सूपही चालेल, फक्त त्यात क्रीम आणि मूठभर शेवया नकोत. आणि सवय नसताना एकदम ढीगभर कोबी खाल्ला तर पोट फुगणार, गॅस होणार. आठवड्याला थोडे थोडे वाढवा आणि पाणी प्या. सत्तरीच्या माणसांना आणखी एक सांगते. नुसत्या सलादावर राहू नका. वजनाबरोबर स्नायूही उतरतात आणि मग खुर्चीतून उठताना पाय लटपटतात. प्रत्येक जेवणात मासळी, अंडे, डाळ, यांपैकी काहीतरी हवेच, आणि रोजचे चालणेही.

आता पुढचे नीट वाचा, कारण इथे चूक महागात पडते. जे रक्त पातळ ठेवण्यासाठी कुमाडिन घेतात त्यांनी पालक, मेथी, कोबी यांसारख्या हिरव्या भाज्या अचानक वाढवू नयेत आणि अचानक बंदही करू नयेत. त्यांतल्या 'के' जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम बदलतो. रोज सारखेच प्रमाण ठेवावे, आणि वाढवायचेच असेल तर डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी. एलिक्विससारख्या नव्या गोळ्यांना हे बंधन नाही. ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे त्यांना टोमॅटो, पालक, बटाटा यांतले पोटॅशियम बाधू शकते. त्यांनी आपली यादी आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावी, माझ्या लेखावरून नव्हे. आणि मधुमेहाचे जे लोक इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी भात अर्धा करण्याआधी डोस विचारावा. डोस तोच आणि भात कमी, असे झाले तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे गोंधळते. अशा वेळी लगेच अर्धा ग्लास फळांचा रस किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०१ ला फोन करा.

आणि कोणी काहीही कमी न करता, ठरवलेले नसताना, दोन-तीन महिन्यांत चार-पाच किलो उतरले असेल, तर आनंद मानून घरी बसू नये. ते डॉक्टरांना दाखवायचे.