यष्टींमागचा स्वाभिमानी : तातेंडा तैबू

यष्टिरक्षकाचे काम कष्टाचे. दिवसाला ९० षटके पडली तर ५४० वेळा वाकून बसायचे आणि उठायचे. टाळ्या मात्र गोलंदाजाला! झेल सुटला की सगळ्यांची बोटे यष्टिरक्षकाकडे. अशा कामात नाव कमावलेल्या झिम्बाब्वेच्या तातेंडा तैबूची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

तैबूचा जन्म १४ मे १९८३ रोजी हरारे येथे झाला. गोऱ्यांची राजवट जाऊन तीनच वर्षे झाली होती. क्रिकेटवर मात्र गोऱ्यांचाच वरचष्मा होता. हायफील्ड या काळ्या लोकांच्या वस्तीत हा ठेंगणा पोरगा खेळू लागला. चर्चिल शाळेत शिकला आणि २००१ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, देशाकडून खेळला.

२००४ साली हीथ स्ट्रीकचे कर्णधारपद गेले. त्यावरून पंधरा गोरे खेळाडू मंडळाशी भांडून बाहेर पडले. उरलेल्या नवख्या पोरांचा संघ तैबूच्या हाती आला. वय २० वर्षे ३५८ दिवस! तो देशाचा पहिला काळा कर्णधार आणि कसोटीतील तोवरचा सर्वांत तरुण कर्णधार ठरला. पतौडींचा १९६२ चा विक्रम त्याने मोडला. (पुढे २०१९ साली अफगाणिस्तानच्या रशीद खानने तो मागे टाकला.)

मान मोठा, पण वाट काट्यांची. श्रीलंकेविरुद्धच्या दोन्ही कसोट्या डावाने गेल्या. तैबू खचला नाही. जानेवारी २००५ मध्ये ढाक्याला त्याने नाबाद ८५ आणि १५३ धावा काढल्या.

त्याच वर्षी खेळाडूंचे वेतन आणि करार यांवरून वाद पेटला. तैबू सहकाऱ्यांच्या बाजूने बोलला. त्याला आणि त्याच्या कुटुंबाला धमक्या आल्या. नोव्हेंबरमध्ये त्याने कर्णधारपद सोडले, देशाकडून खेळणेही सोडले. तेव्हा तो फक्त बावीस वर्षांचा होता.

२००७ साली तो परतला. २०१२ साली चर्चच्या कार्यासाठी निवृत्त झाला, तेव्हा नावावर २८ कसोट्या आणि १५० एकदिवसीय सामने होते. २०१६ साली निवड समितीचा प्रमुख म्हणून तो पुन्हा मायदेशी आला.

पालकांनो, मुलांना तैबूचे ढाक्याचे शतक जरूर सांगा. पण सोबत्यांच्या पगारासाठी बोलताना त्याने कर्णधारपदाचा मोह धरला नाही, हेही सांगायला विसरू नका, एवढीच आमची विनंती.