थंडीतला गळ : उणकल, केलगेरी, नीरसागर

नोव्हेंबर सरताना धारवाडची पहाट १५ अंशांच्या आसपास येते. उणकल, केलगेरी, नीरसागर हे इथले तलाव उत्तरेकडच्या सरोवरांसारखे गोठत नाहीत, पण मासा मंदावतो. कटला, रोहू, मृगळ यांना २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. त्याखाली भूक घटत जाते. म्हणून पहाटे कुडकुडत बसण्यात हशील नाही; गळ टाकावा तो ऊन चढल्यावर, दुपारकडे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. उणकलला जलपर्णी माजली की पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी. मरळ मात्र वर येऊन हवेतूनच श्वास घेते, चिवट जात! बसण्याआधी ठेकेदाराला विचारावं; मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्यानं दिलेले असतात.