शनिवारी संध्याकाळी इंग्लंड काय बघतं

लेस्टर (इंग्लंड), डिसेंबर 2024



14 डिसेंबर 2024 च्या शनिवारी इथल्या सगळ्यात लाडक्या नाचाच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली आणि ख्रिस मॅककॉसलंड नावाचा विनोदवीर ती जिंकला. हा लिव्हरपूलचा, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस पूर्ण अंध आहे. आनुवंशिक आजाराने त्याची दृष्टी हळूहळू गेली आणि विशीत असतानाच सगळा अंधार झाला. या स्पर्धेतला नाच त्याने कधी पाहिलेलाच नाही. सप्टेंबरपासून दर शनिवारी तो नवा नाच शिकून येत होता आणि देश त्याच्याकडे डोळे लावून बसला होता.

ब्रिटनवर पत्र लिहायचं तर संसद आणि राजघराण्यापेक्षा या वेळी मला ही स्पर्धाच जास्त महत्त्वाची वाटते. तिचं नाव ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’. बीबीसीवर ती 2004 च्या मे महिन्यात सुरू झाली, म्हणजे 2024 साली तिला वीस वर्षं झाली. खेळाडू, नट, वृत्तनिवेदक, डॉक्टर, राजकारणी अशी पंधरा नावाजलेली, पण या नाचात नवखी माणसं घ्यायची, प्रत्येकाला एकेक व्यावसायिक नर्तक किंवा नर्तकी जोडीदार द्यायची, आणि आठवड्याला एक नाच बसवायचा. चार परीक्षक दहापैकी गुण देतात, त्यात घरबसल्या लोकांची मतं मिळवतात. तळाच्या दोन जोड्या पुन्हा नाचतात आणि त्यातली एक घरी जाते. अंतिम फेरीत परीक्षकांच्या गुणांना वजन नसतं, तिथे लोकांचाच कौल. अमेरिकेतलं ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ आणि आपल्याकडे 2006 साली आलेलं ‘झलक दिखला जा’ ही याच झाडाची कलमं.

माझा पिंड या कार्यक्रमाचा नाही. अंबडच्या दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवात रात्र रात्र बसून ज्याचे कान तयार झाले, त्याला लखलखते कपडे, फिरते दिवे आणि निकालाआधी लांबवलेली शांतता यांचं आकर्षण असायचं कारण नाही. घरात मुलं बघायची म्हणून मीही बसू लागलो. पण एकदा लक्ष गेलं ते वाद्यवृंदाकडे. इथे ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच नसतो. डेव्ह आर्च या संगीत दिग्दर्शकाचा ताफा समोर बसून वाजवतो, गाणारे समोर उभं राहून गातात. वॉल्ट्झ हा नाच तीन मात्रांचा. तीन आणि तीन मोजत गेलं की आपला दादराच हाताशी येतो. मग कोण पहिल्या मात्रेवर नेमका येतो, कोण अर्धा श्वास आधी पोचतो, कोण चुकूनही सावरून घेतो, हे दिसायला लागलं. सम गाठण्याचं सुख ज्याला माहीत आहे, त्याला फॉक्सट्रॉटसारखा नाचही परका राहत नाही.

दुसरी गोष्ट रियाजाची. नाचाआधी आठवडाभराच्या सरावाची छोटी फीत दाखवतात. साधी खोली, भिंतीला आरसा, घामेजलेली माणसं. ऑलिम्पिक पदक मिळवलेला खेळाडू पाय कुठे टाकू हे विचारतो आहे, आणि त्याच्या निम्म्या प्रसिद्धीची मुलगी त्याला ‘टाच आधी, मग चवडा’ असं पंधराव्यांदा सांगते आहे. फॉक्सट्रॉटमध्ये पुढे जाताना टाच आधी टेकली नाही तर परीक्षक तिथल्या तिथे बोट ठेवतात. खांदे खाली, मान लांब, जोडीदाराला धरलेल्या हातांची चौकट ढळू द्यायची नाही. चार-पाच आठवड्यांत बघणाऱ्यालाही ही दृष्टी येते. आमच्या शेजारच्या आजीबाई ‘आज त्याचे कोपर पडले’ असं आपल्याकडचे जाणकार ‘निषाद जरा उतरला’ म्हणतात त्याच अधिकाराने सांगतात.

आपल्याकडच्या नाचाच्या स्पर्धांत बहुधा तयार मुलं येतात. वय आठ-दहा, आणि कसब असं की बघणाऱ्याने नुसतं थक्क व्हावं. इथे प्रौढ माणूस शिकताना दिसतो. चाळिशी-पन्नाशीतला, आपापल्या क्षेत्रात नाव कमावलेला माणूस देशासमोर विद्यार्थी होऊन उभा राहतो आणि लोक त्याच्या प्रगतीला मत देतात. 2020 साली बिल बेली हा विनोदवीर पंचावन्नाव्या वर्षी जिंकला. मला यात या समाजाचा एक चांगला गुण दिसतो. इथला माणूस भावना दाखवायला संकोचतो, पण मनापासून धडपडणाऱ्याला तो हसत नाही.

या जोडीच्या नाचाचा इतिहास जालन्याच्या माणसाला वाटतो तेवढा दूरचा नाही. आपल्या भोकरदन-जाफराबादकडच्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी ज्याने मराठी फौजांशी लढाई जिंकली, तो आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. बारा वर्षांनी, 15 जून 1815 च्या रात्री, ब्रसेल्समध्ये डचेस ऑफ रिचमंडच्या नाचाच्या मेजवानीत तो हजर होता. नेपोलियन पुढे सरकल्याची बातमी तिथेच येऊन थडकली आणि अधिकारी नाच सोडून आघाडीकडे निघाले. तीन दिवसांनी वॉटर्लू झालं. त्या काळात वॉल्ट्झ इंग्लंडमध्ये नवा होता. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना धरून नाचायचं, हे इथल्या थोरामोठ्यांना सोसवत नव्हतं. 1816 च्या जुलैत ‘टाइम्स’ने अग्रलेखातून या परदेशी नाचाला अश्लील ठरवलं आणि आईबापांना मुली सांभाळायला सांगितलं. आज तोच वॉल्ट्झ आजी-नातवंडांनी एकत्र बघायचा सभ्य नाच झाला आहे. आपल्याकडेही स्वातंत्र्याच्या आसपास मुंबई सरकारने तमाशावर काही काळ बंदी घातली होती. नाचाला नावं ठेवण्यात कोणताही देश मागे नाही.

पुढे इंग्लंडमध्ये हा जोडीचा नाच दरबारातून कामगारांकडे आला, आणि मला तो भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. स्पर्धेचा एक आठवडा ब्लॅकपूलला होतो. लँकेशायरच्या कापड गिरण्या वर्षातून एक आठवडा बंद राहायच्या, गावंच्या गावं आगगाडीने या समुद्रकाठी यायची. तिथल्या 1894 च्या मनोऱ्याखाली 1899 साली फ्रँक मॅचम या वास्तुकाराने राजवाड्यासारखं नाचघर बांधलं. सोनेरी सज्जे, रंगवलेलं छत, आणि महोगनी, ओक, अक्रोडाच्या तीस हजारांवर ठोकळ्यांची जमीन. आपल्या वऱ्हाड-खानदेशातला कापूस ज्या गिरण्यांत गेला, तिथे वर्षभर राबणाऱ्या बाईला आठवड्यापुरतं त्या छताखाली नाचता यायचं. आजही स्पर्धक ‘ब्लॅकपूलपर्यंत टिकलो’ हे जिंकण्याइतक्याच अभिमानाने सांगतात. पहिल्या पर्वापासून बारा वर्षं मुख्य परीक्षक असलेले लेन गुडमन तरुणपणी गोदीत वेल्डर होते. 2023 साली ते वारले तेव्हा लोक घरातलं माणूस गेल्यासारखे हळहळले.

हा वारसा अजून जिवंत आहे. आमच्या भागातल्या चर्चच्या सभागृहात आठवड्यातून एकदा दुपारी चहा आणि नाच असतो. बहुतेक मंडळी सत्तरीपुढची. दारातच प्रत्येक जण कापडी पिशवीतून नाचाचे जोडे काढतो. त्यांचा तळवा खरखरीत साबरासारख्या चामड्याचा असतो आणि एक आजोबा बसून तारेच्या ब्रशने तो घासत होते. तळवा गुळगुळीत झाला की पाय घसरतो, असं त्यांनी मला समजावलं आणि ब्रश माझ्याही हातात दिला. पत्नी गेल्यावर ते एकटेच येतात. तिथे कोणी बसून राहिलं तर दुसरं कोणी तरी येऊन उठवतं, तसा रिवाजच आहे. शनिवारच्या कार्यक्रमावर तिथे जी चर्चा चालते, तिच्यात दर्दी माणसाचा नेमकेपणा असतो.

बीबीसीवर जाहिराती नसतात, हेही सांगायला हवं. थेट प्रसारण बघणाऱ्या प्रत्येक घराला परवाना घ्यावा लागतो, 2024 साली तो वर्षाला 169 पौंड 50 पेन्स होता. त्यावरून इथे कायम वाद चालतो. ज्याला हवं त्यानेच पैसे द्यावेत असं म्हणणारे वाढत आहेत. त्यांचा मुद्दा समजतो, पण मी परवान्याच्या बाजूचा आहे. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, बाहेर गारठा, रस्ते रिकामे. अशा वेळी आजोबा, सून, शाळकरी नात आणि शेजारचं गुजराती कुटुंब एकाच वेळी एकच गोष्ट बघतात आणि सोमवारी कचेरीत तिच्यावर बोलतात, असं आता दुसरं फार काही उरलेलं नाही. आम्हा बाहेरून आलेल्यांना इथल्या लोकांशी हवामानापलीकडे बोलायला या कार्यक्रमाने विषय दिला.

आणि हा कार्यक्रम सार्वजनिक पैशातून चालतो म्हणून जबाबदारीही येते. 2021 साली रोझ आयलिंग-एलिस ही कर्णबधिर अभिनेत्री स्पर्धेत आली. श्रवणयंत्रातून तिला ठेका आणि आवाजाची चाहूल लागते, गाण्याचे शब्द कळत नाहीत. नोव्हेंबरातल्या एका नाचात मध्येच संगीत पूर्ण थांबलं. काही क्षण रोझ आणि तिचा जोडीदार जोवानी पर्नीचे निःशब्द शांततेत नाचत राहिले, पाऊल न चुकता. कर्णबधिर माणूस जगतो ती शांतता लाखो घरांत एकदम उतरली. मी ते बघितलं तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. ती त्या वर्षी जिंकली. कर्णबधिरांच्या संघटना ब्रिटिश खूणभाषेच्या कायद्यासाठी कधीपासून झगडत होत्या. 28 एप्रिल 2022 रोजी तो मंजूर झाला. त्याचं श्रेय एका नाचाला देता येणार नाही, पण त्या हिवाळ्यात खूणभाषेबद्दल सगळा देश बोलत होता एवढं खरं.

2024 साली ख्रिसच्या बाबतीत शिकवणाऱ्याची कसोटी लागली. डायान बझवेल या त्याच्या जोडीदारणीला काहीही करून दाखवता येत नव्हतं. प्रत्येक हालचाल शब्दांत सांगायची, मग तिच्या हाता-खांद्यांना स्पर्श करून त्याने आकार समजून घ्यायचा. गिरकी घेतली की दिशा हरवते, ती पुन्हा मिळवायची ते जोडीदाराच्या हातावरच्या भरवशाने. लिव्हरपूलच्या फुटबॉलवेड्यांच्या गाण्यावर त्याने केलेला वॉल्ट्झ मला विसरता येणार नाही. आपल्याकडे गुरू शिष्याला समोर बसवून सूर लावून घेतो, ते तालमीचं नातं मला या दोघांत दिसलं. त्याच अंतिम फेरीत पोचलेली ताशा गौरी ही रोझप्रमाणेच कर्णबधिर, कॉक्लियर इम्प्लांट लावून नाचणारी.

सगळंच गोड आहे असं नाही. सरावात काही शिक्षक फार कठोर वागले अशा तक्रारी 2024 साली उघड झाल्या. त्यानंतर प्रत्येक सरावाला निर्मितीकडचा माणूस हजर राहील, असा नियम बीबीसीने केला. असा नियम करायला वीस वर्षं लागली, हे बरं नव्हे.

शेवटी मराठी वाहिन्यांना एक विनंती. ‘एका पेक्षा एक’ आणि ‘ढोलकीच्या तालावर’ यांसारखे कार्यक्रम आपल्याकडे झाले, लावणी घराघरांत पोचली. आता पुढचं पाऊल टाका. चौफुला, मोडनिंबच्या संगीतबारीत आयुष्य घालवलेल्या कलावंतिणींना शिक्षिका म्हणून मानाने आणि योग्य मानधन देऊन बोलवा. अदाकारी आणि बैठकीची लावणी म्हणजे काय, हे यमुनाबाई वाईकरांच्या परंपरेतल्या बायकांकडून आपल्या नटांना, खेळाडूंना, आमदारांना शिकू द्या, आणि त्यांची चुकणारी पावलं सगळ्या महाराष्ट्राला दाखवा. ढोलकी मात्र समोर बसून वाजवणारा माणूसच हवा.