एक केबल, अनेक संगणक

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव हे तालुक्याचे गाव लागते. अशा गावांतून आज पुष्कळ घरांच्या भिंतीतून एक बारीक काळी केबल आत आलेली दिसते. तिच्या पोटात केसासारखा बारीक काचेचा तंतू असतो आणि त्यातून प्रकाशाच्या स्पंदनांच्या रूपाने माहितीची ये-जा चालते. केबल एकच, परंतु घरात तिची गरज अनेकांना असते. थोरल्या मुलीला महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरावयाचा असतो व त्याची मुदत संध्याकाळी संपणार असते. धाकट्याला गणिताचा पाठ पाहावयाचा असतो. वडिलांना शेताचा सातबारा हवा असतो. मग तिघांनी पाळीपाळीने बसावे काय?

एके काळी तसेच करावे लागे. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या वेळी ही जोडणी टेलिफोनच्या तारेतून मिळे. संगणक प्रथम नंबर फिरवी, पलीकडून उत्तर येई आणि मग कूर्मगतीने काम सुरू होई. तेवढा वेळ घरचा टेलिफोन अडकून पडे. पुढे ब्रॉडबँड आले. २००४ साली भारत सरकारने जे धोरण ठरविले, त्यात निदान २५६ किलोबिट दर सेकंदाला वाहून नेणारी व सदैव चालू राहणारी जोडणी ब्रॉडबँड मानली गेली. आजच्या मानाने हा वेग अगदीच तुटपुंजा आहे. तथापि सदैव चालू राहणे ही त्यातील मोठी गोष्ट होती.

आता एकाच जोडणीवर अनेक संगणक बसविण्यात खरी अडचण रुंदीची नव्हती, ती पत्त्याची होती. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. तो नसेल, तर मागितलेली माहिती परत कोठे पाठवावी हे कोणालाच कळणार नाही. मूळ योजनेप्रमाणे असे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६ होतात. चार अब्जांहून अधिक असा हा आकडा आरंभी अफाट वाटला. पण जगाची लोकसंख्या याहून मोठी आहे, आणि एकेका माणसाजवळ दोन-दोन, तीन-तीन यंत्रे असतात. आशिया-प्रशांत विभागाच्या वाट्याचा साठा तर एप्रिल २०११ मध्ये जवळजवळ संपला. तेव्हा घरातील प्रत्येक संगणकाला जगभर चालणारा स्वतंत्र पत्ता देणे परवडण्यासारखे नव्हते.

यावर जी युक्ती निघाली, ती केल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस या दोघांनी १९९४ साली एका टिपणात मांडली. ती समजण्यासाठी जुना मोठा वाडा डोळ्यांसमोर आणावा. वाड्यात दहा बिऱ्हाडे आहेत, पण टपालखात्याला ठाऊक आहे तो वाड्याचा एकच घरक्रमांक. दारात एक कारकून वही घेऊन बसला आहे. कोणत्याही बिऱ्हाडाचे पत्र बाहेर जाताना तो त्यावर वाड्याचा पत्ता घालतो व शेजारी एक जावक क्रमांक टाकतो. हा क्रमांक कोणत्या खोलीचा, याची नोंद तो वहीत करतो. उत्तर येते ते त्याच क्रमांकासह. कारकून वही पाहतो आणि पत्र नेमक्या खोलीत पोचवितो.

घरातील राउटर हाच तो कारकून होय. घरातल्या घरात चालणारे पत्ते त्यासाठी वेगळे राखून ठेवलेले आहेत, १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. राउटर स्वतःकडे पुष्कळदा १९२.१६८.१.१ हा पत्ता ठेवतो, आणि संगणक जोडला जाताच त्याला आपण होऊन पुढचा एखादा मोकळा पत्ता नेमून देतो. नायगावातील एका घरात १९२.१६८.१.२ असेल, तर लातुरातील दुसऱ्या घरातही तोच असू शकतो. वाड्यावाड्यांतून पहिली खोली असतेच; त्याने टपालाचा घोटाळा होत नाही. जावक क्रमांकांना पोर्ट असे म्हणतात व ते पासष्ट हजारांवर असल्याने वही सहसा अपुरी पडत नाही.

प्रत्यक्ष जोडणी त्या मानाने सोपी आहे. राउटरच्या पाठीशी एक खाच निराळी असते. बाहेरून येणारी जोडणी तेथे लावावयाची. काही ठिकाणी काचेचा तंतू थेट राउटरमध्येच येतो. बाकीच्या, बहुधा चार, खाचा घरच्या संगणकांसाठी असतात. त्यांत लागणाऱ्या केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा दोन-दोनच्या जोड्यांनी पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नाही. शेजारच्या तारांतून येणारा विद्युत-उपद्रव त्या पिळामुळे पुष्कळसा नाहीसा होतो. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे कोणत्याही घराला पुरेशी आहे. चार खाचा कमी पडल्यास स्विच नावाची साधी पेटी जोडावी. त्याऐवजी दुसरा राउटर तसाच आणून लावला, तर घरात दोन कारकून दोन वह्या घेऊन बसतात आणि पत्त्यांचा गोंधळ उडतो. ही चूक फार ठिकाणी होते.

केबल न ओढता वाय-फायच्या रेडिओलहरींनीही जोडता येते. पण मराठवाड्यातील जुन्या माळवदी घरांत याला मर्यादा पडते. उन्हाळ्यात घर थंड ठेवणाऱ्या दगडमातीच्या जाड भिंती या लहरींनाही अडवितात. राउटर कोपऱ्यातल्या खोलीत ठेवला, तर दोन भिंतींपलीकडे काम रडतखडत चालते. तो घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण त्या भिंतीत लवकर क्षीण होतात, २.४ गिगाहर्ट्‌झच्या त्यामानाने दूर जातात. न हलणाऱ्या संगणकाला केबलच बरी.

जोडणी वाटली म्हणजे वेगही वाटला जातो. समजा, घरात सेकंदाला ४० मेगाबिटची जोडणी आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हा वेग ५ मेगाबाइट झाला. ४०० मेगाबाइटचा चित्रपट एकट्या संगणकाने उतरवला तर ८० सेकंद लागतील. दोघांनी एकदम तेवढेच उतरवले तर सुमारे १६०. मात्र हे वाटे कायमचे नसतात. माहिती लहान लहान तुकड्यांनी येते आणि सर्वांचे तुकडे एकाच केबलमधून एकामागून एक सरकतात. एक संगणक थांबला की त्याची जागा दुसऱ्याला मिळते. म्हणून मुलीचा अर्ज जाईपर्यंत इतरांनी चित्रपट थांबविला, तर तिचे काम झटकन होते. राउटरला अर्जाची निकड कळत नाही. ती घरातल्यांनी ओळखावयाची असते.

वाय-फायला परवलीचा शब्द ठेवण्याचे कारण केवळ शेजाऱ्याने फुकट वापरू नये एवढेच नाही. जो आत आला, तो वाड्याच्या आतला झाला. त्याला इतर संगणकांच्या दारापर्यंत जाता येते, आणि त्याने बाहेर काही आगळीक केली तरी पत्ता त्याच घराचा दिसतो.

वीज गेली की राउटरची वही पुसली जाते. ती आल्यावर तो पुन्हा सुरू होण्यास एक-दोन मिनिटे घेतो आणि संगणकांना पत्ते नव्याने वाटतो. कधी कधी छपाईयंत्राला निराळाच पत्ता मिळतो व संगणकाला ते सापडेनासे होते. यासाठी छपाईयंत्राचा पत्ता राउटरमध्ये एकदाच राखून ठेवण्याची सोय असते.