मानेचे वय आणि त्यावरचे इलाज



हमालांच्या आणि शेतमजुरांच्या संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने मानेच्या सौंदर्योपचारांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मान हा आमच्याच माहितीतला अवयव आहे. ओझे तिच्यावर पडते, ऊन तिच्यावर पडते. आणि केस काळे केले, चेहऱ्याला पावडर लावली, तरी माणसाचे वय मान सांगून टाकते. आज मोठ्या शहरांत मान तरुण करून देणारे दवाखाने निघाले आहेत. त्यांच्या जाहिराती चुडाव्यासारख्या पूर्णा-नांदेडच्या मधल्या गावीही फोनवर येऊन पोचतात, आणि पैसे हप्त्याने भरण्याची सोय असल्याचेही सांगतात. जिथे हप्ता आला तिथे कर्ज आले. म्हणून या इलाजांनी काय होते व काय होत नाही, हे कष्टकऱ्याने समजून घेणे ही काही चैन नव्हे.

प्रथम मान सुरकुतते कशाने ते पाहू. मानेची कातडी चेहऱ्याच्या कातडीहून पातळ असते आणि तिच्यात तेलाच्या ग्रंथी थोड्या. तिच्याखाली एक रुंद, चपटा, पातळ स्नायू जबड्यापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत पसरलेला असतो. कातडीत दोन प्रकारचे तंतू असतात. एक बळकटी देतात, त्यांना कोलॅजन म्हणतात. दुसरे रबरासारखे ताणून पुन्हा जागेवर येतात, ते इलॅस्टिन. वयाबरोबर पहिले कमी होतात आणि उन्हाने दुसरे बिघडतात. यातून चार निरनिराळ्या तक्रारी निर्माण होतात: कातडीच्या बारीक सुरकुत्या व डाग, गळ्यावरच्या आडव्या रेघा, स्नायूच्या कडा वर येऊन दिसणाऱ्या उभ्या दोऱ्या, आणि हनुवटीखाली लोंबणारी चरबी किंवा कातडी. या चारींचा इलाज एक नाही. एकाच बाटलीत किंवा एकाच यंत्रात चारींवर उपाय आहे असे जो सांगतो, तो माल विकतो आहे, औषध देत नाही, असे खुशाल समजावे.

उन्हाचा वाटा किती मोठा आहे, हे मानेवरच दिसते. हनुवटीच्या सावलीतली कातडी बरीच वर्षे नितळ राहते, आणि उघड्या मागच्या बाजूला चौकटी-चौकटीच्या खोल भेगा पडतात. वैद्यकशास्त्रात या भेगांना शेतकऱ्याची मान म्हणूनच ओळखतात. दर्यावर्दी लोकांच्या कातडीवरचा असाच परिणाम उन्ना नावाच्या जर्मन डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवला होता. आपल्या सावळ्या कातडीतले रंगद्रव्य पुष्कळ संरक्षण देते. पण वैशाखात दिवसभर हळद काढणाऱ्याला तेवढ्याने भागत नाही.

पुढचा मुद्दा मी आजच्या व्याख्यानात सर्वांत महत्त्वाचा मानतो. मानेवरचा प्रत्येक बदल वयाचा नसतो. मानेच्या मागे व बाजूला काळसर, जाड, मखमलीसारखा पट्टा उमटला, तर पुष्कळ लोक तो मळ समजून घासतात, नाहीतर गोरे होण्याचे मलम लावतात. हा पट्टा बहुधा शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची खूण असते. मधुमेह दाराशी आला आहे, असा तो निरोप आहे. तिथे मलम नको, रक्तातली साखर तपासायला हवी. तसेच गळ्यात गाठ आली आणि ती दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर सरकारी दवाखाना गाठावा. ती गाठ क्षयाची असू शकते, थायरॉइडची असू शकते, आणि तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या बाबतीत तोंडाच्या कर्करोगाचीही असू शकते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे. तो मिळतो कसा, हा निराळ्या व्याख्यानाचा विषय होईल.

आता इलाज, स्वस्तापासून महागाकडे.

सर्वांत स्वस्त इलाज आपल्या आजोबांना ठाऊक होता. त्याचे नाव उपरणे. मान झाकणारा सुती कपडा, छत्री, आणि परवडत असेल तर ऊन अडवणारे मलम. चेहऱ्याला मलम लावून मान तशीच सोडणे ही नेहमीची चूक आहे. झालेली हानी याने पुसत नाही, पण पुढची अडते. तंबाखू सोडणे याच सदरात येते, कारण धुराने कातडीचे तंतू लवकर झिजतात.

त्यानंतर मलमे. ट्रेटिनॉइन नावाचे, अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध उन्हाने बिघडलेली कातडी काही अंशी सुधारते, हे 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेत क्लिगमन यांनी दाखवून दिले. परिणाम दिसायला महिने लागतात. मानेवर ते लवकर जळजळते, आणि गरोदरपणी लावू नये. याच्या अगदी उलट बाजूला दुकानात सहज मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे आहेत. चार आठवडे कातडी उजळते, मग पातळ होते, लाल होते, तिच्यावर पुटकुळ्या व केस येतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. काही बेनामी गोरेपणाच्या मलमांत पारा असतो, आणि तो कातडीतून शिरून मूत्रपिंडे बिघडवतो. ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक नाही, ती डबी घरात आणू नये.

त्यानंतर सुईचे उपचार. उभ्या दोऱ्यांसाठी बोटुलिनम हे विष अत्यल्प मात्रेत टोचतात. त्याने स्नायू सैल पडतो. मानेच्या दोऱ्यांसाठी अमेरिकेतल्या औषध खात्याने त्याला 2024 मध्ये मान्यता दिली. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, पुन्हा टोचावे लागते आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात. मात्रा वा जागा चुकली तर गिळायला त्रास होतो. हनुवटीखालच्या चरबीसाठी डिऑक्सिकोलिक आम्लाची सुई आहे. तिला तिथे 2015 मध्ये मान्यता मिळाली. ती चरबी विरघळवते, लोंबणारी कातडी मात्र आवळत नाही.

यंत्रांचे उपचार म्हणजे लेसर, रेडिओलहरी आणि ध्वनिलहरी. तिघांचे तत्त्व एकच. कातडीच्या आत मोजकी उष्णता देऊन नवे कोलॅजन तयार व्हायला लावायचे. फरक पडतो, पण तो मध्यम असतो आणि सावकाश दिसतो. सावळ्या कातडीवर लेसर फार जोराने चालवला तर काळे डाग पडतात, आणि मानेची कातडी चेहऱ्यापेक्षा उशिरा भरून येते. म्हणून यंत्र कोणते, यापेक्षा ते चालवणारा कोण, हा प्रश्न अधिक मोलाचा.

शेवटची शस्त्रक्रिया. जादा कातडी काढून, स्नायू शिवून मान आवळतात. लोंबणाऱ्या कातडीवर खरा परिणाम हिचाच होतो आणि तो काही वर्षे टिकतो. परंतु रक्त साकळणे, ओठाच्या कोपऱ्याची नस दुखावणे, व्रण उरणे हे धोके आहेत, आणि आडव्या रेघा बहुधा तशाच राहतात. ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जरीचे रीतसर शिक्षण घेतलेल्यानेच करावी. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आहे की नाही, हे विचारण्यात उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे. लेखी अंदाजपत्रक व पावती घ्यावी. 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, आणि पावतीशिवाय तो कायदा पुढे सरकत नाही.

या शस्त्रक्रियेचे मूळ आपल्याच मातीत आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. 1792 च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्यात एका देशी कारागिराने, जो विटा घडवणाऱ्या जातीचा होता, कपाळाची कातडी फिरवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापली गेली. ती वाचून तिथल्या कार्प्यू या सर्जनने पुढे 1814 मध्ये तीच पद्धत वापरली. बैलहाक्याचे नाक आणि वीटकऱ्याचा हात, यांतून युरोपची अर्वाचीन प्लास्टिक सर्जरी शिकली. आपल्या काळात डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्यात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरोग्यांचे हात व चेहरे दुरुस्त करण्यात हयात घालवली. कुष्ठरोगात तरुणपणीच चेहरा सुरकुततो, आणि रोग बरा झाला तरी त्या चेहऱ्याला कोणी काम देत नाही. तिथे सुरकुती काढणे म्हणजे भाकरी परत देणे असते.

यातून एक भेद ध्यानात येतो. सरकारही तो मानते. अपघाताने वा जन्मजात व्यंगाने बिघडलेले रूप सुधारण्याच्या शस्त्रक्रियेवर वस्तू व सेवा कर नाही. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर तो आहे.

परंतु हा भेद नेहमीच इतका सरळ नसतो. पॅरिसमध्ये डॉ. सुझान नोएल या बाईंनी शंभर वर्षांपूर्वी चेहरा आवळण्याच्या शस्त्रक्रिया केल्या आणि 1926 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. म्हाताऱ्या दिसू लागल्या म्हणून पोटाला मुकण्याची पाळी आलेल्या बाया त्यांच्याकडे येत. आपल्याकडे एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना साधारणपणे 35 व्या वर्षी निवृत्त करीत, आणि पुढची मुदतवाढ साहेबाच्या मर्जीवर असे. नर्गेश मिर्झा यांच्या दाव्यात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने ती मर्जी आणि पहिल्या गरोदरपणी काढून टाकण्याचा नियम, हे दोन्ही रद्द केले. 35 वर्षांची अट मात्र मोडली नाही. सुई, यंत्र आणि सुरी यांनी एका बाईची मान तरुण दिसेल. वयावरून कामावरून काढण्याची रीत त्याने मोडत नाही. तिला संघटनाच लागते.

ज्याला हौस आहे आणि ऐपत आहे त्याने इलाज करून घ्यावा. त्याला हसण्याचे कारण नाही. मात्र आधी साखर तपासावी, गाठ दाखवावी, डॉक्टरची नोंदणी पाहावी, आणि कर्ज काढून मान ताठ करू नये. कर्जाने ती पुन्हा वाकते, आणि त्या वाकलेल्या मानेवर कोणत्याही दवाखान्यात इलाज नाही.